कोळशावरची मोटार आणि करंजीचा घाट

सकाळी मोटार चालू करायला आम्हाला अर्धा-पाऊण तास लागायचा, असं मी हल्लीच्या ड्रायव्हर मंडळींना सांगितलं की ती हसतात. "इतका वेळ काय करत होता, काका?" मी म्हणतो, "पेटवत होतो." मग ती आणखीच हसतात. म्हातारा काहीतरी फेकतोय, असं त्यांना वाटतं. पण लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी खरोखरच नगर ते पाथर्डी रस्त्यावर पेटवायची मोटार चालवली आहे.

तेव्हा सरकारी एस.टी. नव्हती. खाजगी मालकांच्या मोटारी चालत, त्यांना लोक 'सर्व्हिस' म्हणत. आमचे मालक धनराजशेठ. लढाई सुरू झाली आणि पुढं पेट्रोल कुपनांवर मिळायला लागलं. मिळायचं म्हणजे कुपन मिळायचं, पेट्रोल मिळेलच असं नाही. नगरला लष्कराची छावणी, त्यामुळे रस्त्यावर पेट्रोलच्या गाड्या भरपूर दिसायच्या. फक्त त्या आमच्या नव्हत्या. तेव्हा शेठनी पुण्याहून एक कोळशाचा सांगाडा आणून आमच्या मोटारीच्या पाठीवर बसवून घेतला.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीच्या मागच्या अंगाला माणसाच्या उंचीचं एक लोखंडी पिंप. त्यात वरून लाकडी कोळसा भरायचा, खाली विस्तव घालायचा आणि बाजूचा पंखा हातानं फिरवत बसायचं. विस्तव फुलला आणि हवा मोजकी मिळाली, की कोळसा नुसता जळून न जाता त्याचा गॅस होतो. तो नळीतून, काथ्या भरलेल्या डब्यांतून गाळून इंजिनाकडे जातो. नळीला एक छोटी तोटी असायची. तिच्याशी जळती काडी धरायची. निळसर ज्योत धरली तर इंजिन घेणार; नुसता पिवळा धूर आला तर पुन्हा पंखा.

पंखा हसनचाचांकडे होता. हसनचाचा म्हणायला क्लीनर, पण वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. पूर्वी कापसाच्या एका जिनिंगमध्ये बॉयलरवर होते. मोटार नवी असो की जुनी, तिच्याकडे ते ढुंकून पाहत नसत. त्यांचा जीव विस्तवात. "गोपाळराव, तुम्ही चाक सांभाळा, हिची भूक मी सांभाळतो," असं म्हणायचे. मागच्या बाकावर बसणाऱ्याची पाठ हिवाळ्यात सुखानं शेकून निघे आणि उन्हाळ्यात तोच माणूस उभ्यानं प्रवास करी.

खरी गंमत घाटात. पाथर्डीहून नगरकडे येताना करंजी सोडली की चढण लागते. आजच्या गाड्यांना तो घाट वाटतही नाही. पण कोळशावर इंजिनाची ताकद निम्म्यावर यायची. शेठ घाटापुरतं म्हणून थोडं पेट्रोल द्यायचे, तेही महिना संपायच्या आत संपायचं. मग पायथ्याशी हसनचाचा खाली उतरून हाळी द्यायचे, "चला, पायउतार व्हा मंडळी!" बाळंतिणी, म्हातारे आणि आजारी तेवढे आत. बाकीच्यांनी चालायचं. त्यामुळं पायथ्याशी येताच धडधाकट माणसांच्या कमरा धरायच्या. मिशांना पीळ भरलेला एक गडी हमखास छातीवर हात ठेवून बसून राहायचा. हसनचाचा त्याच्याशेजारी बसलेल्या म्हातारीला मोठ्यानं विचारायचे, "आजी, ह्यांना जरा सांभाळून न्याल ना?" मग तो उतरायचा.

एक रावसाहेब होते, कचेरीतून निवृत्त झालेले. ते पहिल्यांदा फार चिडले. तिकीट मोटारीचं असताना पायी का चालायचं, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बरोबरच होता. पण नंतर ते छत्री टेकत आडवाटेनं घाट चढायचे, मोटारीच्या आधी माथ्यावर पोचायचे आणि मी आलो की खिशातलं घड्याळ काढून पाहायचे. मला मात्र लोक घाट चढून आले की बरं वाटायचं. पायथ्यापर्यंत तोंड फिरवून बसलेली माणसं माथ्यावर एकमेकांना पानसुपारी देत असायची. एक सोयरीक तर माझ्या माहितीत त्या चढावरच जमली.

घाटाच्या मध्यावर, रस्त्यापासून थोडी वर, चार-पाच घरांची वस्ती होती. तिथली सोनाबाई शेरडं राखायची. उन्हानं रापलेली, काटक बाई. आमची मोटार धापा टाकत आली की ती हातातली काठी आपटून म्हणायची, "आली का सरपन खाणारी!"

पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. पण ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. आमचा कोळसा त्याच घाटाच्या उतारावर पाडला जायचा. ठेकेदार बाभळी, हिवर, बोरी तोडायचे, मातीखाली रचून जाळायचे आणि पोती भरून द्यायचे. सुरुवातीला पोत्यात मनगटाएवढे खणखणीत कोळसे यायचे. मग अंगठ्याएवढे आले. मग काटक्या, मुळं आणि माती. उताराकडे पाहिलं की पोत्यात काय येणार ते कळायचं. पूर्वी बायका घरामागं हात लांबवून सरपण मोडून आणायच्या, आता त्यांना टेकडी ओलांडावी लागत होती.

एकदा मी सोनाबाईला म्हटलं, "मावशी, मोटार बंद केली तर लोकांनी नगरला कसं जायचं?"

"आन् मी भाकरी कशावर भाजू, भटा? तुज्या हारनवर?"

मी हॉर्न वाजवला आणि निघालो.

तिनं मला भटा म्हटलं, कारण त्या रस्त्यावर सगळेच माझ्या मोटारीला भटाची मोटार म्हणायचे. आमचं घराणं भिक्षुकीचं. वडील, म्हणजे अण्णा, नगरला दिल्लीगेटाच्या आत राहायचे आणि त्यांचे यजमान पार तिसगाव-पाथर्डीपर्यंत पसरलेले. मी मॅट्रिक नापास झालो हे त्यांनी सहन केलं. मोटार हाकायला लागलो हे नाही. माझ्याशी भांडले नाहीत. फक्त माझ्या मोटारीत कधी बसले नाहीत. यजमानांकडे जायचं तर बैलगाडीनं जायचे, दिवस मोडायचा, पाठ धरायची, पण जायचे गाडीनंच. रस्त्यात कधी मी त्यांच्या गाडीला ओलांडून पुढं गेलो तर ते शेताकडे पाहत बसायचे. धूर त्यांच्या अंगावर जायचा, ह्याचं मला वाईट वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं.

पितृपंधरवड्यातली गोष्ट. पाऊस रेंगाळलेला होता. अण्णा श्राद्धासाठी तिसगावला गेले होते आणि परतायच्या वेळी त्यांच्या गाडीचा एक बैल लंगडायला लागला. दुसऱ्या दिवशी नगरात दुसऱ्या यजमानाकडे श्राद्ध होतं. इलाज नव्हता. मी तिसगावला मोटार उभी केली तर अण्णा झाडाखाली छत्री घेऊन उभे. माझ्याकडे न पाहता त्यांनी हसनचाचांना विचारलं, "नगरची मोटार हीच का?"

हसनचाचा त्यांना चांगले ओळखत होते. तेही गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हीच, महाराज. बसा." अण्णा मधल्या बाकावर बसले, सोवळ्याचं गाठोडं मांडीवर घेऊन.

मी निघणार इतक्यात एक शेतकरी पळत आला. खांद्यावर सहा-सात वर्षांची पोर, घोंगडीत गुंडाळलेली. मागोमाग गावचे वैद्य. शेतकऱ्याचं नाव सखाराम. वैद्यांनी माझ्या खिडकीशी येऊन हळूच सांगितलं, "घटसर्प आहे. घशात पांढरं धरलंय. माझ्या हातात काही नाही. आज नगरच्या दवाखान्यात पोचली तर वाचली."

पोरीचा श्वास मला पुढच्या सीटवर ऐकू येत होता. दाराच्या फटीतून वारा शिरताना वाजतो तसा.

घटसर्प हा शब्द मोटारभर झाला. लोक सरकून बसले. एक जण म्हणाला, "सांसर्गिक रोग आहे, सगळ्यांना लावाल." मी म्हटलं, "ज्याला भीती वाटत असेल त्यानं उतरावं, उद्याची मोटार आहे." कुणी उतरलं नाही, पण जवळही कुणी गेलं नाही. सखाराम पोरीला घेऊन दारातच उभा. तेव्हा अण्णांनी मांडीवरचं सोवळ्याचं गाठोडं उचललं, पायाशी ठेवलं आणि बाकावर हात आपटून म्हणाले, "इथं निजव तिला. पाय माझ्याकडे येऊ देत." सोवळ्याचं गाठोडं मोटारीच्या फळीवर ठेवताना मी त्यांना पाहिलं आणि गिअर टाकायला विसरलो.

करंजीपर्यंत ठीक आलो. पायथ्याशी हसनचाचांना हाळी द्यावी लागली नाही. सगळे न बोलता उतरले, मिशीवालाही. अण्णाही उतरले, धोतराचा काचा मारला आणि चालायला लागले. आत फक्त सखाराम आणि त्याची पोर, मुक्ता. रस्त्याला ओल, भुरभुर पाऊस. मी पहिल्या गिअरमध्ये वर काढत होतो. दुसऱ्या वळणाशी इंजिन खोकलं, दोनदा थरथरलं आणि गप्प झालं. हसनचाचांनी पळत येऊन चाकामागं धोंडे लावले.

तोटीशी काडी धरली. पिवळा धूर. पंखा फिरवला, पुन्हा काडी धरली. पुन्हा धूर. पिंपाचं झाकण काढून चाचांनी आत हात घातला, एक कोळसा काढून दाबला तर बोटं ओली झाली. "पावसात भिजलेली पोती दिलीत हरामखोरांनी. वरची वाळकी होती, ती पाथर्डी ते करंजी जळाली."

टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. रोज ह्या रस्त्यानं लष्कराचे ट्रक आमच्या तोंडावर धुरळा उडवत जायचे. त्या दिवशी मी घाटात वरखाली पाहत राहिलो, एक आला नाही. सखाराम पोरीला छातीशी धरून खाली उतरला. "डायवरसाहेब, किती लांब हाय आजून? मी पळत नेतो."

"फार लांब आहे, बाबा. पळून नाही पोचणार."

"मंग मी काय करू?" तो ओरडला नाही. खरंच विचारत होता.

एवढ्यात चालणारी मंडळी वळणापर्यंत येऊन पोचली. अण्णा पुढे होते. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी ते प्रथमच माझ्याशी बोलले. "काय झालं रे?"

"कोळसा ओला आहे, अण्णा. गॅस धरत नाही."

"मग ओला काढ. खाली विस्तव जिवंत आहे का?"

"थोडा आहे," चाचा म्हणाले.

"थोडा पुरे. वरचं सगळं काढा. ओल्या समिधा घातल्या की कुंडही असाच धूर धरतं, त्यात आणखी फुंकून उपयोग नसतो."

"काढतो, महाराज. पण घालू काय? वाळका कुठाय?"

चाचा आणि मी फावड्यानं ओला कोळसा उपसायला लागलो. आणि मागून ओळखीचा आवाज आला, "काय, मेली का एकदाची?"

सोनाबाई शेरडांसकट रस्त्याच्या कडेला उभी होती. मी मान वर केली नाही. माझ्याआधी सखाराम बोलला. "आजे, माजी पोर हाय वं. घसा धरलाय तिचा."

ती खाली आली. घोंगडी बाजूला करून मुक्ताच्या तोंडाशी कान नेला. मग माझ्याकडे वळली. "काय पायजे हिला?"

मोटारीला की मुलीला, मला कळेना. "वाळका कोळसा," मी म्हटलं.

सोनाबाईनं उताराकडे पाहिलं. उतारावर खुंट होते नुसते. मग म्हणाली, "माज्या घरात हाय. चुलीतलं इझवून ठिवलेलं. सोनाराला इकते मी." आणि मिशीवाल्याला काठीनं ढोसून, "तू चल माज्यासंगं. छाती हाय ना एवडी, पोतं उचल." चार पावलं गेल्यावर थांबली आणि मला म्हणाली, "पोरीसाठी देते. तुज्या मोटारीसाठी न्हाई."

"व्हय, मावशी," मी म्हटलं. तिच्याच बोलीत कसं आलं कोण जाणे.

मिशीवाल्यानं पोतं आणलं, आणि वस्तीतल्या आणखी दोन बायकांनी आपापल्या घरातून पाट्या भरून आणल्या. चुलीतले हलके, कोरडे कोळसे. त्या बायका तो कोळसा पावसाळाभर पुरवून वापरत, हे मला नंतर समजलं.

चाचांनी भरणी केली आणि पंखा धरला. पण सकाळपासून फिरवून त्यांचे खांदे भरून आले होते. अण्णांनी अंगावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं आणि मुठीवर चाचांच्या हाताखाली आपला हात धरला. "किती वेगानं?"

"सुरुवातीला हळू, महाराज. मग वाढवा. थांबायचं मात्र नाही."

दोघं म्हातारे एका मुठीवर पंखा फिरवत होते. अण्णांच्या गंधावर काजळी बसली, घामानं ओघळली. थोड्या वेळानं चाचा म्हणाले, "गोपाळराव, काडी." मी तोटीशी काडी धरली. आधी धूर आला, मग फट्कन निळी ज्योत लागली आणि लोकांनी मोटारीच्या पत्र्यावर हात बडवले.

मी हँडल मारलं. इंजिनानं घेतलं. सगळे चढून येऊन बसतील म्हणून मी माथ्यावर थांबतो म्हटलं, तर रावसाहेब पुढे झाले. हो, तेही होते त्या दिवशी. म्हणाले, "थांबू नका. भार नको. आम्ही येतो चालत घाटापलीकडच्या कौडगावपर्यंत, परत या आम्हाला न्यायला." तिकिटावर बोट ठेवणारा माणूस! आणि पावसात सगळी मंडळी तशीच उभी राहिली.

अण्णा मात्र मागे पंख्याशेजारी चढून बसले. "परत गप्प झाली तर?" एवढंच म्हणाले.

ती गप्प झाली नाही. नगरलगतचं भिंगार ओलांडून मी सरळ दवाखान्याच्या दारात मोटार घातली. मुक्ताचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी तिला उचललं, आत नेलं, आणि तिच्या गळ्याला खालच्या बाजूनं छेद देऊन नळी बसवली. सखाराम बाहेर जमिनीवर बसला होता. आतून तो वाजणारा श्वास थांबला तेव्हा त्यानं माझा हात धरला. आम्हा दोघांनाही वाटलं, संपलं. तेवढ्यात नर्स बाहेर येऊन म्हणाली, "घेतेय. नळीतून श्वास घेतेय पोरगी."

दिवस मावळायच्या आत मी कौडगावहून सगळ्यांना आणलं. मोटारीत शिरताना एकेकानं विचारलं, "पोरगी?" रावसाहेबांनी घड्याळ काढलं नाही.

घरी आईनं दोघांनाही मागच्या दारी उभं केलं आणि विहिरीचं पाणी डोक्यावर ओतलं. बाप कोणता आणि मुलगा कोणता हे काजळीखाली कळत नाही, म्हणाली. अण्णा जेवताना फक्त इतकंच बोलले, "तुझा हसन विस्तव चांगला ओळखतो."

पुढच्या फेरीला सोनाबाई रस्त्यावरच उभी होती. मी मोटार थांबवली, चढावर थांबवू नये हे माहीत असूनही. "वाचली, मावशी. गळ्याला भोक आहे, पण वाचली."

ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. आता येक कर. हितला कोळसा नगं घेऊ. न्हाई तर पुढल्या येळंला माज्या चुलीत पन न्हाई घावायचा."

हे मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "गोपाळ, मोटार पाण्यावर चालते का?" तेव्हा अण्णा स्वतः माझ्याबरोबर पेढीवर आले. काय बोलले ते मला बाहेर ऐकू आलं नाही. पण त्या महिन्यापासून करंजीच्या उतारावरचा कोळसा बंद झाला. हिवरांच्या खुंटांना पालवी फुटली. मला फार अभिमान वाटला. मोटारीला कोळसा लागत होताच; तो आता जामखेडच्या बाजूनं यायला लागला. वर्षभरानं एका लग्नाची खेप घेऊन मी त्या बाजूला गेलो, तर एक अख्खी टेकडी उघडी पडलेली. खालून एक बाई डोक्यावर एवढीशी मोळी घेऊन चालली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. ती मला ओळखत नव्हती, म्हणून काही बोलली नाही. सोनाबाईच्या शिव्या मला परवडल्या असत्या.

लढाई संपल्यावर पेट्रोल मोकळं झालं आणि शेठनी पिंप उतरवलं. घाट पुन्हा सोपा झाला. कुणी उतरेना, कुणी कुणाशी बोलेना. मुक्ता मोठी होऊन माझ्याच मोटारीतून माहेरी-सासरी जायची. गळ्यावर व्रण आणि आवाज असा खणखणीत, की हॉर्नची गरज पडू नये.

अण्णा त्यानंतर दर वेळी माझ्याच मोटारीनं गेले. पण मला आठवतं ते वेगळंच. घाटातल्या त्या दिवसानंतर, मी संध्याकाळी घरी आलो की ते ओसरीवरून विचारायचे, "चढली का रे?" मी म्हणायचो, "चढली." पेट्रोल आलं, मोटारी बदलल्या, त्या घाटात अडायचं काही कारणच उरलं नाही, तरी ते विचारत राहिले. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मी कामावरून येऊन उशाशी बसलो की ते डोळे न उघडता ओठ हलवायचे, आणि मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायचो, "चढली, अण्णा. एका दमात चढली."